दोनशे टकरांतली एक

२५ नॅनोसेकंदांत प्रकाश साडेसात मीटर जातो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस या डिटेक्टरची त्रिज्या जवळजवळ तेवढीच आहे. त्याच्या पोटात प्रोटॉनांचे दोन झुबके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून आरपार जातात. म्हणजे एका टकरीतून उडालेले कण बाहेरच्या कडेला पोचतात न पोचतात तोच मध्यभागी पुढची टक्कर झालेली असते. प्रोटॉन ज्या वर्तुळात फिरतात त्याच्या दुसऱ्या बाजूला असलेला ॲटलास हा डिटेक्टर ४६ मीटर लांब आहे. मधोमध निघालेले कण त्याच्या टोकाशी पोचेपर्यंत मागे आणखी तीन वेळा झुबके एकमेकांना भिडून गेलेले असतात. हे सेकंदाला तीन-चार कोटी वेळा, दिवसरात्र, महिनोन्‌महिने चालतं.

एवढ्या घाईत प्रत्येक कणाचा हिशेब ठेवायचा: तो कुठून निघाला, किती ऊर्जेचा होता, चुंबकीय क्षेत्रात किती वळला. २०१० पासून हे दोन डिटेक्टर तो हिशेब ठेवत आले आहेत. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनची घोषणा झाली ती त्याच हिशेबाच्या भरवशावर. त्या दिवशी जगाने पीटर हिग्ज यांचे पाणावलेले डोळे पाहिले, बोगद्याची छायाचित्रं पाहिली. डिटेक्टर मात्र पार्श्वभूमीलाच राहिले. कणभौतिकीच्या लोकप्रिय लेखनात नेहमी असंच होतं. सिद्धान्ताच्या वाट्याला कौतुक येतं, बोगद्याच्या लांबीच्या वाट्याला आश्चर्य येतं, आणि दोघांच्या मध्ये उभं असलेलं हजारो टनांचं यंत्र एका वाक्यात उरकलं जातं. पुढची पानं त्या यंत्राला दिलेली आहेत, आणि तीही अशा वेळी, जेव्हा ते यंत्र जवळजवळ नव्याने बांधलं जात आहे.

लार्ज हेड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, हे फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखालचं २७ किलोमीटरचं वर्तुळ. २०२६ च्या मध्यापासून त्याची दीर्घ विश्रांती आखलेली आहे. २०३० मध्ये ते पुन्हा सुरू व्हायचं आहे, तेव्हा प्रोटॉनांची ऊर्जा साधारण आजच्याइतकीच असेल. वाढलेली असेल ती दाटी. एका झुबक्यात मूळ आराखड्याप्रमाणे सुमारे ११ हजार कोटी प्रोटॉन असायचे, ते २२ हजार कोटी होतील. यांतले जवळजवळ सगळे एकमेकांना न लागता निघून जातात. २०१२ मध्ये झुबके एकदा भिडले की सरासरी २० टकरा होत. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ६० च्या आसपास गेला. नव्या यंत्रात तो १४० असेल, आणि पूर्ण क्षमतेला २००.

दोनशे टकरा, एकाच क्षणी, काही सेंटिमीटर लांबीच्या जागेत. त्यांतली एखादीच कामाची. वाखरीच्या तळावर सगळ्या पालख्या एकत्र आल्या की समोरचा वारकरी कोणत्या दिंडीतला हे नुसत्या तो उभा आहे त्या जागेवरून सांगता येत नाही. इथे तर दिंड्या दोनशे आहेत आणि वारकरी हजारो.

या दाटीला भौतिकशास्त्रज्ञ ल्युमिनॉसिटी म्हणतात. शब्द प्रकाशाचा वाटतो, पण माप गर्दीचं आहे: एका चौरस सेंटिमीटरवर, एका सेकंदात, किती कण एकमेकांसमोर आणले. ते मोजायलाही शास्त्र लागतं. एलएचसीच्या आधी, १९८९ ते २००० या काळात, याच बोगद्यात लेप नावाचा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडर होता. तिथली खात्रीची रीत अशी की, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून लहान कोनात विखुरतात ते मोजायचे आणि त्यावरून दाटी काढायची. या विखुरण्याचं गणित होमी भाभांनी १९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये मांडलं. आजही जगभर त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. गर्दी मोजायच्या पट्टीवर एका मुंबईकराचं नाव आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी.

गर्दी वाढवण्याचं कारण साधं आहे. हिग्ज बोसॉन सुमारे शंभर कोटी टकरांमागे एक निर्माण होतो. तो सापडला, त्याचं वस्तुमान मोजलं गेलं, जड कणांशी त्याचं नातं तपासलं गेलं. पण दोन गोष्टी अजून हाताला लागायच्या आहेत. एक म्हणजे हलक्या कणांशी असलेलं त्याचं नातं: दहा हजार हिग्जमागे जेमतेम दोन, म्यूऑनांच्या जोडीत फुटतात. दुसरी त्याहून खोल आहे. हिग्जचं स्वतःशीच नातं आहे का, असल्यास किती घट्ट, हे कळायला एकाच टकरीत दोन हिग्ज निर्माण झालेले पाहावे लागतात. विश्वाच्या पहिल्या क्षणांत हिग्जचं क्षेत्र आजच्या रूपात कसं गोठलं, याचा धागा तिथे आहे. अशी जोडी एकट्या हिग्जच्या हजारपट दुर्मीळ. नव्या एलएचसीच्या संपूर्ण आयुष्यात प्रत्येक मोठ्या डिटेक्टरच्या वाट्याला अशा लाखभर जोड्या येतील, आणि त्यांतल्या बहुतेक अशा रूपात फुटतील की त्या नेहमीच्या राडारोड्यासारख्याच दिसाव्यात. म्हणून मूळ एलएचसीसाठी ठरवलेल्या एकूण टकरांच्या दसपट टकरा गोळा करायचं उद्दिष्ट आहे.

कोलायडरमध्ये त्यासाठी काय बदलतं आहे हा वेगळ्या ग्रंथाचा विषय. निओबियम आणि कथलाच्या मिश्रधातूचे नवे अतिवाहक चुंबक टकरीच्या जागेआधी झुबके आणखी बारीक पिळतील. क्रॅब कॅव्हिटी नावाची उपकरणं प्रत्येक झुबका किंचित तिरका करतील, म्हणजे खेकड्यासारखे आडवे चालत ते एकमेकांना पूर्ण भिडतील. २०१८ मध्ये सर्नच्याच जुन्या एसपीएस यंत्रात प्रोटॉनांवर ती पहिल्यांदा चालवून पाहिली. इथे इतकं पुरे.

आता डिटेक्टर.

गर्दीचा पहिला घाव पदार्थावर बसतो. सीएमएसची रचना आडव्या पिंपासारखी आहे: १४ हजार टनांचं पिंप, मधोमध ३.८ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र, आणि दोन्ही टोकांना झाकणं. टकरीतून निघालेले कण सगळ्यांत जास्त संख्येने या झाकणांच्या आतल्या कडेवर आदळतात. इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांची ऊर्जा मोजण्यासाठी तिथे लेड टंगस्टेटचे स्फटिक बसवलेले आहेत. काचेसारखे पारदर्शक, पोलादाहून जड. सगळ्या डिटेक्टरमध्ये असे ७५ हजारांहून अधिक स्फटिक आहेत, त्यांतले १४,६४८ झाकणांत. कण आत शिरला की स्फटिक चमकतो आणि ती चमक मोजली की ऊर्जा कळते. पण किरणोत्सार खाऊन खाऊन स्फटिक काळवंडतो. झाकणांतल्या स्फटिकांवर लेझर सोडून ते किती काळवंडले हे सतत मोजलं जातं आणि त्यानुसार हिशेब दुरुस्त केला जातो. आजच्या दाटीला हे जमतं. दसपट टकरांपुढे ते टिकणार नाहीत.

म्हणून दोन्ही झाकणांतले ऊर्जामापक समूळ काढून त्यांच्या जागी नवं यंत्र बसवायचं ठरलं. एच-जी-कॅल हे त्याचं रोजच्या बोलण्यातलं नाव. या सगळ्या नूतनीकरणात सर्वांत धाडसी काम कोणतं असं विचारलं, तर याच यंत्राकडे बोट दाखवावं लागेल. जुन्या पद्धतीत एका स्फटिकात कणाची सगळी ऊर्जा जिरते आणि एकच आकडा मिळतो. एच-जी-कॅलमध्ये एकामागे एक ४७ थर आहेत. धातूचा पत्रा, मग सिलिकॉन, पुन्हा धातू, पुन्हा सिलिकॉन. जिथे किरणोत्सार सौम्य आहे तिथे सिलिकॉनऐवजी चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या टाइल. दोन्ही झाकणं मिळून सुमारे ६२० चौरस मीटर सिलिकॉन आणि साठ लाख वाहिन्या. एका झाकणाचं वजन दोनशे टनांहून जास्त.

त्याने साधतं काय? वेगवान इलेक्ट्रॉन जड धातूत शिरला की फोटॉन सोडतो, त्या फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते, तेही फोटॉन सोडतात, आणि एकाचे दोन, दोनाचे चार असं झाड फुटत जातं. वैश्विक किरणांच्या वर्षावाचं हे स्पष्टीकरण १९३७ मध्ये दोघांनी मिळून दिलं: वॉल्टर हाइटलर आणि, पुन्हा एकदा, होमी भाभा. जुना स्फटिक त्या झाडाचं फक्त वजन सांगायचा. एच-जी-कॅल थराथराने त्याचं चित्र काढेल: खोड कुठे होतं, फांद्या कुठे फुटल्या, शेजारच्या झाडाच्या फांद्या त्यात कुठे मिसळल्या. दोनशे टकरांच्या जंगलात हे चित्रच कामाला येतं. ही कल्पना मुळात इलेक्ट्रॉनांच्या सरळ रेषेतल्या भावी कोलायडरसाठी पोसली गेली होती. ते यंत्र कागदावरच राहिलं. कल्पनेला मात्र एलएचसीमध्ये घर मिळालं.

सिलिकॉनचे तुकडे षटकोनी आहेत, त्यामागचं कारण कोणत्याही स्वयंपाकघरात समजेल. सिलिकॉनच्या चकत्या गोल येतात, आठ इंच व्यासाच्या. गोल लाटलेल्या पोळीतून शंकरपाळे कापताना कडेचे तुकडे उरतात ते पुन्हा मळून घेता येतात. सिलिकॉन मळता येत नाही. चौकोनापेक्षा षटकोन कापला की चकतीचा जास्त भाग वापरला जातो, आणि षटकोन मधमाश्यांच्या पोळ्यासारखे फट न ठेवता एकमेकांना बिलगतात. ६२० चौरस मीटरच्या खरेदीत या भूमितीने मोठी रक्कम वाचते.

अशा षटकोनांचे पंचवीस हजारांहून अधिक मॉड्यूल जुळवायचे आहेत. हे काम जगात सहा ठिकाणी वाटलेलं आहे: अमेरिकेत तीन, बीजिंग, तैपेई, आणि मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था. कुलाब्याच्या टोकाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. भाभांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या संस्थेत, भाभांनी समजावलेलं झाड पाहणारा डोळा जुळवला जातो, यात ओढूनताणून आणलेलं काही नाही. त्या संस्थेने वैश्विक किरणांपासून सुरू केलेली वाट सरळ इथवर येते.

मॉड्यूल जुळवणं म्हणजे काय, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण शोध लागतात ते अशा कामांच्या पायावर. तळाला धातूचा किंवा कार्बन फायबरचा पत्रा, त्यावर सिलिकॉनचा षटकोन, त्यावर चिप बसवलेला षटकोनी सर्किट बोर्ड. तिन्ही थर यंत्राच्या हाताने एकमेकांवर ठेवून चिकटवायचे. चूक सहन होते ती मायक्रॉनांच्या हिशेबात. गोंद कमी पडला तर पोकळी राहते, जास्त झाला तर ज्या भोकांतून तारा जायच्या त्यांत शिरतो. मग त्या भोकांतून, बोर्डापासून खालच्या सिलिकॉनपर्यंत, केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा ध्वनिकंपनांनी जोडायच्या. एका मॉड्यूलवर शेकडो तारा. बाहेर आषाढातला पाऊस कोसळत असला तरी आत हवेतला दमटपणा आणि धूळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. जुळलेलं मॉड्यूल विजेच्या दाबाखाली तपासायचं, थंड करायचं, पुन्हा तपासायचं. एकदा ते झाकणात गेलं की पुढची कित्येक वर्षं त्याला माणसाचा हात लागणार नाही.

थंडीचं कारणही किरणोत्सारच. वेगवान कण सिलिकॉनच्या जाळीतले अणू जागेवरून उडवतात. जाळी विस्कटली की सेन्सरमधून कारण नसताना वीज गळू लागते, गळतीने तो तापतो, तापल्याने आणखी गळतो. हे चक्र रोखण्यासाठी सगळं यंत्र उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं. नळ्यांतून दाबाखालचा द्रव कार्बन डायऑक्साइड खेळवला जातो आणि तो उकळताना उष्णता घेऊन जातो. यंत्र बंद असतानाही ही थंडी बहुतांश काळ टिकवावी लागते, कारण जखमी सिलिकॉन उबेत फार काळ राहिला तर जखम चिघळते. सर्वांत आतल्या भागात, जिथे मारा सर्वाधिक, तिथे सेन्सर मुद्दाम पातळ घेतले आहेत. पातळ सिलिकॉन मार जास्त सोसतो.

भारताचं सीएमएसशी असलेलं नातं या मॉड्यूलपासून सुरू झालेलं नाही. चुंबकाच्या बाहेरचा ऊर्जामापक टाटा संस्था आणि चंदीगडचं पंजाब विद्यापीठ यांनी बांधला. झाकणांतल्या स्फटिकांसमोरच्या थरातले अनेक सिलिकॉन सेन्सर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाले. तो थर आता स्फटिकांबरोबरच निघेल आणि त्या जागेत कुलाब्यात जुळलेले षटकोन जातील. पुण्याची आयसर ही संस्थाही सीएमएसची सदस्य आहे. नूतनीकरणाचा पहिला धडाही बाहेरच्या त्या ऊर्जामापकाने दिला होता: त्यातली चमक टिपणारी जुनी उपकरणं मोठ्या चुंबकाच्या भटक्या क्षेत्रात नीट वागेनात, म्हणून २०१३-१४ च्या विश्रांतीत ती काढून त्यांच्या जागी सिलिकॉनचे चिमुकले प्रकाशमापक बसवले. टाइल त्याच, डोळे नवे.

आता पुन्हा वाखरीचा तळ. कोण कुठे उभा आहे यावरून दिंडी ओळखता येत नसेल, तरी कोण कधी पोचला हे कळलं तर ओळखता येईल. दोनशे टकरा एकाच क्षणी होतात असं वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. झुबके काही सेंटिमीटर लांब असतात. एकमेकांतून जाताना त्यांतल्या टकरा सुमारे दोनशे पिकोसेकंदांत विखुरलेल्या असतात. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. प्रत्येक कणाची वेळ ३० पिकोसेकंदांपर्यंत मोजता आली तर त्या दोनशे टकरांचे काळाच्या रेषेवर पाच-सहा गट पडतात. तीस पिकोसेकंदांत प्रकाशही जेमतेम नऊ मिलिमीटर जातो. आजवर डिटेक्टर मुख्यतः जागा मोजत आले; काळ इतक्या बारकाईने, टकरीतून निघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्युतभारित कणासाठी मोजायचा, ही या पिढीची खरी नवी गोष्ट आहे. सीएमएसच्या पिंपात त्यासाठी एलवायएसओ नावाचे स्फटिक बसतील, रुग्णालयांतल्या पेट स्कॅनरमध्ये वापरतात त्याच जातीचे. झाकणांत, आणि ॲटलासमध्येही, एलगॅड नावाचे जेमतेम ५० मायक्रॉन जाडीचे सिलिकॉन सेन्सर.

एलगॅडने सगळ्यांना घाम फोडला. किरणोत्साराने त्यांची ताकद घटते, म्हणून विजेचा दाब वाढवत न्यायचा अशी योजना होती. चाचणीच्या कणझोतात ठेवल्यावर काही सेन्सर एकाएकी मेले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पृष्ठभागावर चांदणीच्या आकाराचा भाजल्याचा डाग. एखादाच कण नेमका जास्त ऊर्जा सोडून जातो, पातळ सेन्सरमधून क्षणभर प्रचंड प्रवाह वाहतो आणि तिथे खड्डा पडतो. उपाय दोन बाजूंनी झाला: दाबाची मर्यादा ठरवून घेतली, आणि सेन्सरच्या आतल्या थरात कार्बन मिसळला, म्हणजे किरणोत्सारानंतरही कमी दाबात काम भागावं. हा दोष प्रयोगशाळेत कळला, याबद्दल सुटकेचा नि:श्वास टाकावा अशीच गोष्ट होती.

तशी गोष्ट नेहमी वेळेवर कळतेच असं नाही. २०१६-१७ च्या हिवाळ्यात सीएमएसच्या अगदी गाभ्यात नवा पिक्सेल डिटेक्टर बसवला गेला, १२ कोटींहून अधिक पिक्सेलांचा. काही महिने तो उत्तम चालला. मग ऑक्टोबर २०१७ पासून त्याला वीज पुरवणारे छोटे परिवर्तक एकेक करून बंद पडू लागले. किरणोत्साराने त्यांच्या चिपमधल्या एका ट्रान्झिस्टरमध्ये गळती सुरू झाली होती, आणि चिप बंद स्थितीत ठेवली की त्या गळतीने दाब साठून ती निकामी व्हायची. चिप बंद करायची पद्धतच बदलल्यावर त्रास आटोक्यात आला. ॲटलासच्या नव्या अंतर्भागाने वेगळंच कोडं घातलं. त्याचे पट्टीसेन्सर थंड केले की संकेतांत गोंगाट वाढायचा. थंडीत इलेक्ट्रॉनिक्स शांत व्हायला हवं, इथे उलट. बऱ्याच शोधानंतर कारण सापडलं ते यांत्रिक होतं. वीजपरिवर्तकातले सिरॅमिक कपॅसिटर सूक्ष्म थरथरत होते आणि गोंदाच्या थरातून ती थरथर सेन्सरपर्यंत पोचत होती. त्याच मॉड्यूलांत आणखी एक दुखणं निघालं: थंडीत वेगवेगळे पदार्थ वेगवेगळे आकसत आणि त्या ताणाने सेन्सरला तडे जात. मधे एक मऊ थर घालून तो ताण हलका करावा लागला. कणभौतिकीच्या मोठ्या प्रश्नांची उत्तरं गोंदाच्या निवडीवर अडलेली असू शकतात, हे या प्रकल्पाइतकं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

राहिली निवड. झुबके भिडण्याची प्रत्येक नोंद ठेवायची म्हटलं तर कुठलीही साठवण पुरणार नाही, म्हणून डिटेक्टरला जागच्या जागी पाखडणी करावी लागते. या पाखडणीला ट्रिगर म्हणतात. आज सीएमएसचं पहिलं सूप चार मायक्रोसेकंदांत निर्णय देतं आणि सेकंदाच्या चार कोटी घटनांतल्या एक लाख पुढे पाठवतं. पुढे संगणक त्यांतल्या काही हजार ठेवतात. बाकी सगळं कायमचं जातं. कोणी मागाहून नवी कल्पना लढवली तरी फेकलेली टक्कर परत आणता येत नाही, आणि म्हणूनच ट्रिगर बांधणाऱ्यांच्या डोक्यावर या सगळ्या उद्योगातलं सर्वांत जड ओझं आहे.

दोनशे टकरांच्या गर्दीत जुनं सूप आंधळं होतं. आजवर पहिल्या निर्णयात कणांचे मार्ग धरले जातच नव्हते, कारण मार्ग टिपणाऱ्या सिलिकॉनकडून इतक्या वेगाने माहिती काढणं शक्य नव्हतं. नव्या सीएमएसमध्ये ती वाट एका साध्या युक्तीने मोकळी झाली. बाहेरच्या मार्गशोधकाचं प्रत्येक मॉड्यूल दुहेरी आहे: काही मिलिमीटर अंतरावर दोन सेन्सर. चुंबकीय क्षेत्रात कमी संवेगाचा कण जास्त वळतो, त्यामुळे वरच्या आणि खालच्या सेन्सरवरच्या त्याच्या खुणा एकमेकींपासून सरकलेल्या पडतात. वेगवान कण जवळजवळ सरळ जातो, खुणा समोरासमोर येतात. मॉड्यूलवरची चिप तेवढंच पाहते आणि वळलेल्यांना तिथल्या तिथे गाळते. टकरीत निघणारे बहुसंख्य कण मंद असल्याने कोंडा डिटेक्टरच्या आतच उडतो. निर्णयाला आता साडेबारा मायक्रोसेकंद मिळतील आणि सेकंदाला साडेसात लाख घटना पुढे जातील.

एलएचसीबी या छोट्या प्रयोगाने याहून मोठी उडी आधीच घेतली. २०२२ पासून त्यांनी पहिलं सूपच काढून टाकलं. प्रत्येक टक्कर वाचून ग्राफिक्स प्रोसेसरांच्या ताफ्याकडे सोपवली. जड अणुकेंद्रकांच्या टकरा पाहणाऱ्या ॲलिसने आपल्या प्रचंड वायुकक्षातल्या तारा काढून तिथे जेम नावाची भोकाभोकांची पातळ पत्री बसवली आणि अखंड नोंद घ्यायला सुरुवात केली. दोघांचे अनुभव ॲटलास आणि सीएमएसला उपयोगी पडत आहेत, पण त्यांची कथा वेगळी आणि तिला स्वतंत्र जागा हवी.

सीएमएस कापांकापांत बांधलेला आहे. जमिनीवर जुळवलेले भाग १०० मीटर खोल विवरातून खाली सोडले गेले. २८ फेब्रुवारी २००७ रोजी उतरलेला मधला काप १,९२० टनांचा होता. आखणारे तेव्हाच धरून चालले होते की हे यंत्र पुन्हा पुन्हा उघडावं लागेल. त्या दूरदृष्टीमुळेच आज झाकणं बाजूला सरकवून आतलं सगळं बदलता येतं. पिंपातले स्फटिक मात्र राहतील. त्यांना मार कमी बसला आहे; त्यांची इलेक्ट्रॉनिक्स बदलायची आणि त्यांना १८ ऐवजी ९ अंशांना ठेवायचं, एवढंच. काय काढायचं यापेक्षा काय ठेवता येईल हे ठरवायला जास्त वर्षं लागली, असं कुणी सांगितलं तर आश्चर्य वाटू नये.

या नव्या यंत्रांना दिसणारे पहिले कण एलएचसीचे नसतील. सप्टेंबर २००८ मध्ये एलएचसीत पहिला प्रोटॉनझोत फिरला आणि नवव्या दिवशी, १९ तारखेला, चुंबकांच्या जोडणीत झालेल्या अपघाताने सगळं वर्षभराहून जास्त काळ थांबलं. सीएमएसच्या माणसांनी डिटेक्टर बंद केला नाही. चुंबक पूर्ण ताकदीने चालू ठेवून त्यांनी आकाशातून येणारे म्यूऑन टिपले. चार आठवड्यांत २७ कोटी नोंदी जमल्या, आणि त्यांवरून सिलिकॉनच्या हजारो पट्ट्या ठरलेल्या जागेपासून किती सरकल्या आहेत हे मायक्रॉनांत कळलं. नव्या थरांची जुळणीही तशीच सुरू होईल: वैश्विक किरणांतून निघून, शंभर मीटर माती-खडक ओलांडून, न बोलावता आलेल्या म्यूऑनांनी.